चकतीखालचं बेट

४ ऑगस्ट
तिकिटाची खिडकी, धक्का

भिंगरे,

आता खरं तर वन्संबाई म्हणायला हवं. देशभर दिसणारी नणंद आहे माझी. पण मी लग्न होऊन बेटावर उतरले तेव्हा तू याच धक्क्यावर फ्रॉक धरून गोल गोल फिरत होतीस, ते डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून भिंगरीच.

फोन न करता पत्र का, तर आपल्या घरातला फोन म्हणजे सभा. तू हॅलो म्हटलंस की तुझा दादा स्पीकर लावतो, आप्पा कोण गं कोण गं करतात, शेजारीण खुर्ची ओढून बसते. मला तुझ्याशी काही बोलायचं तर लाँच सुटल्यावर, खिडकीपुढची रांग संपल्यावर, असं लिहूनच. पत्र दादाच त्याच्या लाँचमधून नेतो पलीकडे आणि ते उघडायची त्याची छाती नाही.

तुझा पहिला दिवस सांगते. चहावाल्याचा टीव्ही मोठा म्हणून सगळे तिथे. बातम्या संपल्या, तू आलीस हवामान सांगायला, आणि जो काय गलका झाला! तू काय बोललीस कोणाला ऐकूच आलं नाही. "किती वाळली गं", "कोट कोणाचा घातलाय", "हात बघ, लाँच धक्क्याला लावतेय जशी!" दुसऱ्या दिवशी जरा शांत. तिसऱ्या दिवशी आप्पांनी विचारलं, "आपण कुठंय यात?"

मग सगळे एकदम शोधायला लागले. ढग आहेत, सूर्य आहे, राजधानीला लाल टिकली आहे. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, आपण असायला हवं बरोबर तिथे, तुमच्या चॅनेलची ती गोल चकती. वर आणि फिरतेसुद्धा.

जरा सरकवायला सांग ना त्यांना. तुझं ऐकतील.

आप्पा मजेत. हल्ली टीव्हीला नाक लावून बसतात, मागच्यांना नुसतं टक्कल दिसतं. चहावाला म्हणतो, "आप्पा, टकलावरच हवामान दाखवू का?" लेकीचं कौतुक, दुसरं काय.

तुझी
वहिनी


११ ऑगस्ट
राजधानी

वहिनी,

तुझं पत्र मेकअपच्या खुर्चीत वाचलं. मला रंगवणारी पावडरताई ओरडली, हसू नकोस, गालाला चिरा पडतात.

गंमत सांगते. माझ्यामागे नकाशा नसतोच. हिरवी भिंत असते, कोरी करकरीत. मी त्या कोऱ्या भिंतीवर हात फिरवते आणि बाजूच्या छोट्या टीव्हीत चोरून बघते, हात कुठे पडला. एकदा डोंगरातला पाऊस सांगत होते आणि बोट समुद्रात. आणि हिरवं काही घालायचं नाही. घातलं की तेवढी मी नाहीशी, तिथून नकाशा दिसायला लागतो. हौसेनं नखं हिरवी करून गेले होते, तर पडद्यावर बोटांना टोकंच नाहीत! ती बाटली तुला पाठवतेय. लाव आणि दादाला घाबरव.

बोलण्याचं तर विचारू नकोस. सहा महिने शिकवणी. मी कुठली ते कळता कामा नये. आपला तो वाक्याच्या शेवटी वर जाणारा हेल एक बाई रोज ठेचायची. आमचा साहेब, त्याला आम्ही कात्री म्हणतो कारण काहीही दाखवलं की "हे काप", तो म्हणाला, "हवामानाला गाव नसतं." वाक्य टाळी देण्यासारखं आहे. मी दिलीसुद्धा. मग खोलीवर येऊन नुसत्या येरझाऱ्या.

आता चकती. नकाशावाल्याला, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करणाऱ्याला, म्हटलं, जरा उचलून दाखव. त्यानं उचलली.

खाली काही नाही गं. निळंसुद्धा नाही. नकाशा तिथे पोचायच्या आधीच संपतो. तो म्हणाला, हा साचा वरून येतो. नाण्यावर हाच, पासपोर्टवर हाच, विमानाच्या शेपटीवर हाच, पोरांच्या पुस्तकात हाच. मग विचारतो, "का? तिथे काही आहे का?"

म्हटलं, मी.

बिचारा ओशाळला. च्युइंगम दिलं.

आप्पांना यातलं काही सांगू नकोस. चकतीखाली आहोत असं सांग. नसण्यापेक्षा झाकलेलं बरं.

भिंगरी


१७ ऑगस्ट
खिडकी

भिंगरे,

सांगितलं बाई. आणि आता भोगतेय.

आप्पा चकतीचे वैरी झालेत. बर्फाच्या कारखान्यात मशीन अडलं की त्याच्याशी जसं भांडायचे ना, तसं चकतीशी भांडतात. "सरक! सरक की मेल्या!" धक्क्यावर येईल त्याला सांगतात, आम्ही चकतीखालचे. झालं, सगळ्या बेटाला ते नाव मिळालं. काल एकजण खिडकीशी येऊन म्हणतो, "चकतीखालच्यांना तिकिटात सूट आहे का?" मी म्हटलं, "आहे, पोहत जा."

हसणं चाललंय, पण आतून सगळ्यांना लागलंय, कळतं मला. जो तो खिशातली नाणी काढून बघतो. बघितलेलंच असतं, तरी बघतो.

एक सांगू? मी पलीकडची. शाळेत हाच नकाशा मी रंगवलाय, कडेनं निळा खडू फिरवलाय, नेटका. त्या निळ्यात कोणी राहतं हे स्थळ आलं तेव्हा कळलं. तुझ्या दादाच्या लाँचमधून ओकत ओकत आले. म्हणून मला या लोकांसारखा राग येत नाही, लाज वाटते.

तुझ्या दादाला दोन्ही नाही. तो म्हणतो, "नकाशाचं काय घेऊन बसलात? तिला म्हणावं, वारा सांग." धक्क्याच्या ऑफिसातल्या फळ्यावर किनाऱ्याचं हवामान लिहितात, तेही तुमच्याच टीव्हीवरून उतरवून. आपल्याकडे वारा किनाऱ्याच्या आधी पोचतो. तो फळा वाचतो, मग आकाशाकडे बघतो, मग शिवी देतो, मग लाँच सोडतो. रोजचं.

हिरव्या नखांची बाटली मिळाली. कुठे लावू? तिकीट देताना लोक नखंच बघत बसतील, उरलेले पैसे घ्यायला विसरतील.

वहिनी


२३ ऑगस्ट

वहिनी, घाईत आहे. पत्र गुरुवारच्या आत पोचू दे, एवढंच देवाला म्हणतेय.

नकाशावाला तयार झाला! कसा ते विचारू नकोस, त्याची आजी पण कुठल्यातरी नकाशात नसलेल्या गावची निघाली. त्यानं समुद्र थोडा खाली ओढलाय, चकती वर सरकवलीय आणि तिथे एक ठिपका ठेवलाय. मी आपलं बेट काढून दिलं होतं, कानासारखं, खाली धक्क्याची पाळी वगैरे. तो म्हणाला, बाई, या मापात कान काय आणि नाक काय, ठिपकाच.

कात्रीला सांगितलेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी बघा. आप्पांना पुढे बसव. मी त्या बाजूला हात नेणार नाही, संशय नको. पण सगळा वेळ मला तिथे खाज सुटल्यासारखं होणार आहे.

भि.


२८ ऑगस्ट
खिडकी

भिंगरे, भिंगरे, भिंगरे,

काय सांगू, कुठून सांगू. चहावाल्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती. दादानं संध्याकाळची फेरी अर्धा तास उशिरा सोडली, उतारू पण टीव्हीपुढेच. तू आलीस. नकाशा आला. चकती वर! आणि खाली, निळ्यात...

चहावाल्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि फाडकन काचेवर मारलं.

माशी वाटली त्याला! आयुष्यभर ज्याची वाट बघितली त्याला फडकं मारलं मेल्यानं. परत मारणार तेवढ्यात शेजारणीनं त्याचा हात धरला, "अरे थांब, आपण आहोत ते!" मग जो आवाज झाला तो तुला राजधानीत ऐकू कसा नाही आला कळत नाही. कोणी शिट्टी मारली, कोणी कोणाच्या गळ्यात पडलं, दोघं तर तीन वर्षं बोलत नव्हते. आप्पा ओरडले, "दिसतंय का? दिसतंय का?" अख्खं दुकान ओरडलं, "दिसतंय!"

आप्पा उठले. काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे. हे आपण." बोट राजधानीवर होतं. म्हातारं माणूस, गर्दी, गडबड. मग बाहेर जाऊन त्यांनी नळावर तोंड धुतलं, पुष्कळ वेळ धुतलं.

दादानं शेवटी विचारलं, "आणि वारा?" सगळे त्याच्या अंगावर गेले, तुला काही कौतुकच नाही म्हणून.

मला आहे. तुझं. खूप.

वहिनी


४ सप्टेंबर
राजधानी

वहिनी,

ठिपका काढला.

शुक्रवारपासून फोन सुरू झाले, देशाच्या चारी कोपऱ्यांतून. तुमच्या पडद्यावर डाग आहे. आमचा टीव्ही नवा आहे, डाग कसा? एका बाईनं काच पुसून पुसून ओरखडे पाडले आणि भरपाई मागितली. एका दुकानदारानं लिहिलं, लोक सेट परत आणतायत. एकानंही विचारलं नाही की हे काय आहे. डाग. सगळ्यांना डागच दिसला. आपल्या चहावाल्याला मी माफ केलंय.

कात्रीनं बोलावलं. साच्याच्या ऑफिसातून एक गृहस्थ आले होते, खूप सभ्य, हळू बोलणारे. म्हणाले, "बेट आहे हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते साच्यात बसत नाही. एक ठिपका घेतला की दुसरे मागतात." म्हणजे ठाऊक आहे! मला वाटत होतं त्यांना ठाऊक नाही, दाखवलं की झालं. मी इतका वेळ ज्या दाराला धक्के मारत होते ते आतून कडी लावलेलं होतं.

कागद पुढे केला. तांत्रिक बिघाड झाला, क्षमस्व. माझी सही. नाहीतर नकाशावाल्याची नोकरी. केली सही. आपलं बेट म्हणजे तांत्रिक बिघाड, असं मी लिहून दिलंय.

आप्पांना सांगू नकोस.

आणि वहिनी, एक विचारायचंय, उत्तर टाळू नकोस. चकती खाली डावीकडे, राजधानी वर मध्ये. आप्पा बर्फाच्या कारखान्यात चिमटीएवढी गळती लांबून ओळखायचे. त्यांचं बोट राजधानीवर कसं गेलं?

भिंगरी


९ सप्टेंबर
खिडकी

भिंगरी,

हे पत्र पाववाल्याच्या होडीनं पाठवतेय. लाँच बंद आहे. फोनचा टॉवर पडलाय, दोन महिने तरी उभा राहत नाही म्हणतात.

आधी तुझं उत्तर. आप्पांना दिसत नाही. वर्ष झालं. उजेड आणि काळोख तेवढं कळतं. पलीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता काही होणार नाही. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, ती राजधानी सोडून पळत येईल म्हणाले. टीव्हीला नाक लावून बसतात ते तुला ऐकायला. रोज संध्याकाळी विचारतात, "दिसतंय का?" आणि ठिपका गेला त्या दिवसापासून सगळं दुकान, कोणी कोणाला न सांगता, म्हणतं, "दिसतंय, आप्पा." अख्खं बेट रोज खोटं बोलतं आता. तुझी ती सही त्यापुढे काय आहे.

आता दुसरं. शनिवारी फळ्यावर लिहिलं होतं, आकाश निरभ्र. दादानं आकाशाकडे बघितलं, शिवी दिली, लाँच सोडली. अर्ध्या वाटेत वारा आला. इंजिन बंद पडलं, लाँच आडवी झाली, उतारू ओरडत होते, आणि मी इथे खिडकीत बसून दिलेली तिकिटं मोजत होते, म्हणजे माणसं. मासेमारीच्या दोन होड्यांनी ओढून आणलं. सगळे वाचले. दादाचा डावा हात मोडलाय, दोरात अडकला. प्लास्टर आहे.

मी चिडलेय भिंगरे. तुझ्यावरच चिडलेय, दुसरं कोणी हाताशी नाही म्हणून. ठिपका मीच मागितला होता, मान्य. फडकं मारल्यावर मीही नाचले. पण आम्हाला ठिपका नको होता गं. वारा हवा होता. दादा पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होता आणि आपण दोघी त्याला अरसिक समजत होतो.

काल दुपारी आप्पा जेवता जेवता म्हणाले, "ती सगळ्यांचं सांगते. आपलं काहीच बोलत नाही. ठिपका बोलत नाही ना."

इंजिन दुरुस्त होत आलंय. दादा म्हणतो सोमवारी पहाटे सोडणार, एका हाताने. औषधं संपलीत बेटावर, ते पण खरं आहे. त्याला थांबवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

वहिनी


१४ सप्टेंबर, रविवार

वहिनी,

हे हवामानखात्याच्या कागदाच्या पाठीवर लिहितेय. दुसरा कागद नाही, वाच कसंही.

तुझं पत्र काल ऑफिसात येऊन पडलं होतं, आज मिळालं. वाचलं आणि हा कागद काढला. हवामानखातं रोज दुपारी पाठवतं, आम्ही त्यातलं वाचतो. पहिली दोन पानं जमीन. तिसरं पान समुद्र विभाग. ते पान मी आजवर कधी बघितलंच नव्हतं, माझ्यापर्यंत येतं तेव्हा ते कापलेलं असतं. आज मुळातून मागून घेतलं. त्यात आपण आहोत! नावानिशी, वाऱ्यानिशी. रोज असतो. त्या शनिवारचंही काढलं. होतं. जोराचा वारा, होता लिहिलेला. कात्रीला विचारलं, हे का कापतोस? म्हणाला, "समुद्रात प्रेक्षक राहत नाहीत."

आणि आजच्या कागदावर: सोमवारी पहाटेपासून, नैर्ऋत्येकडून, शनिवारपेक्षा जोरात.

फोन लावला. नाही लागत. किनाऱ्यावरच्या बंदराच्या ऑफिसात लावला, रविवार, कोणी उचलत नाही. पाववाल्याची होडी उद्या निघणार, तोवर दादा समुद्रात.

मग मी उभी राहिले हिरव्या भिंतीपुढे. डोंगर सांगितले, मैदान सांगितलं, राजधानीचं ऊन सांगितलं. शेवटी "शुभ संध्याकाळ" म्हणायचं असतं. तिथे मी हात खाली डावीकडे नेला. छोट्या टीव्हीत बघितलं नाही. हात आपोआप गेला, बरोबर चकतीवर. आणि म्हटलं, "आणि आमच्या बेटावर पहाटेपासून वारा आहे, नैर्ऋत्येचा, मोठा. दादा, लाँच बांधून ठेव. सोडू नको रे."

हेलातच बोलले. ठरवून नाही. सहा महिने ठेचलेला, कुठे लपून बसला होता कोण जाणे.

कात्रीनं तिथेच बॅज काढून घेतला. पावडरताईनं मला पाणी दिलं. नकाशावाला लांबून नुसता उभा.

ते सगळं जाऊ दे. ऐकलंत का? चहावाल्याचा जनरेटर चालू होता का? दादा टीव्हीपुढे होता का? तो कधीच नसतो ना, अरसिक! वहिनी, मला काही कळायला मार्ग नाही. मी फक्त ही खोली मागून पुढे, पुढून मागे करतेय.

भिंगरी


१६ सप्टेंबर
खिडकी

बांधली.

दादा टीव्हीपुढे नव्हता. आप्पा होते. "बांधून ठेव" ऐकलं आणि उठले, काठी न घेता धक्क्यापर्यंत गेले, त्यांच्यामागे अख्खं दुकान. दादा इंजिनापाशी वाकलेला. आप्पा म्हणाले, "ती म्हणतेय बांध." दादा म्हणाला, "कोण ती?" आप्पा म्हणाले, "आपली. आपल्यासारखं बोलली." दादानं आकाशाकडे बघितलं, शिवी दिली आणि दोर घेतला. एका हाताने गाठ बसेना, आप्पांनी मारली, त्यांना गाठ मारायला डोळे लागत नाहीत.

पहाटे वारा आला. धक्क्याचं छप्पर गेलं, माझ्या खिडकीचं दार समुद्रात आहे. लाँच आहे. दादा आहे, आत घोरतोय. औषधं आज नेव्हीच्या बोटीनं आली, तुझं पत्रही.

बस आता. येरझाऱ्या थांबव. जेव.

वहिनी


२३ सप्टेंबर
राजधानी

वहिनी,

जेवले. झोपलेसुद्धा.

आता पुढचं ऐक, तुला खरं वाटणार नाही. माझं ते वाक्य देशभर फिरतंय. मोबाईलवर, रिक्षाच्या मागे, बनियनवर. ऑफिसात कोणाला घरी जायची घाई झाली की दुसरा म्हणतो, "दादा, लाँच बांधून ठेव!" आणि सगळे हसतात. आपल्या हेलात म्हणतात, चुकीचा हेल, भलतीकडेच वर जाणारा. मी भाजी घेताना एक पोरगी मागून म्हणाली, आणि मी वळून बघितलं, मला वाटलं आपल्याकडची कोणी. तिला बेट कुठे आहे ठाऊक नव्हतं. ते खरंच आहे हेही नव्हतं.

आणि काल कात्रीचा फोन. लाडात. परत ये. रोज शेवटी दोन मिनिटं तुझी. तसंच बोलायचं, त्याच हेलात, जास्तच. एक गवताची टोपी करवून घेतलीय. आपल्याकडे टोपी कोण घालतं? म्हटलं, समुद्राचं पान वाचू का? म्हणाला, "वारा कशाला गं, लोकांना गंमत हवी. तू फक्त बांधून ठेव म्हण."

सहा महिने मला माझ्यासारखं बोलू दिलं नाही. आता माझ्यासारखंच बोल म्हणतात, फक्त ती मी नाही.

पगार दुप्पट. रोज पडद्यावर. आपलं बेट रोज पडद्यावर, वहिनी. आप्पांना रोज ऐकू येईल. हेच हवं होतं ना आपल्याला? नाही म्हणावं तर तोंडात येत नाही, हो म्हणावं तरी येत नाही. उद्यापर्यंत सांग म्हणाला होता, मी दहा दिवस मागून घेतलेत. तू सांग. तुझ्या पत्राची वाट बघते.

भिंगरी


२८ सप्टेंबर
खिडकी (दार नसलेली)

भिंगरे,

तुझं पत्र या वेळी मी स्वतःच आप्पांना वाचून दाखवलं. दादापण बसला होता, हात गळ्यात. सभाच झाली शेवटी.

दादा आधी हसला. मीपण. गवताची टोपी घालून तू, विचार कर! मग दादा हसायचा थांबला आणि म्हणाला, "रोज म्हणेल बांधून ठेव?" म्हटलं, रोज. "वारा असो नसो?" म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग ज्या दिवशी असेल त्या दिवशी मी कसं ओळखणार?"

तुझा अरसिक दादा. मला पुढे काही लिहायचं उरलंच नाही.

त्या कात्रीला सांग, टोपी नको, समुद्राचं पान दे. हेलात वाचायचं की ठेचून, ते तुझं तू बघ. आम्हाला चालेल. नाही म्हणाला तर बॅज त्याच्याकडेच राहू दे. तू ये.

आप्पांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "ठिपका नाहीच ना तिथे? केव्हाचा नाही?" मी सांगितलं. म्हणाले, "ठाऊक होतं. तुम्ही सगळे एकदम दिसतंय म्हणायला लागलात तेव्हाच. खरं असतं तर कोणीतरी नाही म्हटलं असतं." आणि हसले.

म्हणून मी काय केलं ते सांगते. ती तुझी हिरव्या रंगाची बाटली घेतली आणि चहावाल्याकडे गेले. संध्याकाळी नकाशा आला, तुझ्याजागी आता कोणी दुसरीच उभी असते, बरी आहे पोरगी, आणि मी काचेवर, बरोबर जागेवर, एक ठिपका दिला. वाळू दिला, वर दुसरा हात दिला. मग अजून. बोटाला लागायला हवा ना. मग आप्पांचा हात धरून नेला. त्यांनी चाचपलं, सापडलं, आणि बोट तिथेच ठेवून बसले जाहिराती संपेपर्यंत. चहावाल्यानं सगळ्यांसमोर फडक्याची शपथ घेतलीय, त्या कोपऱ्याला हात लावणार नाही.

आता आपण प्रत्येक कार्यक्रमात असतो. काल मॅचमध्ये गोलकीपरच्या पायाशी होतो. सिनेमात हिरॉईनच्या गालावर, तीळ म्हणून काय शोभलो! बातम्यांत मंत्री वाकले तेव्हा त्यांच्या नाकावर होतो, सगळं दुकान उठून उभं राहिलं. कोणी काढू शकत नाही आपल्याला.

लाँच कालपासून सुरू आहे. दादा एका हाताने चालवतो आणि दुसऱ्याने तक्रार करतो. तिकीट काढू नकोस, खिडकीवर मीच आहे.

आत्ता धक्क्यावर उभी राहून बघितलं. पाणी तव्यासारखं आहे. वारा नाही. ये.

वहिनी